बांधावरच्या उंबरातला माझा हिस्सा

मी, राहीबाई भ्र. कै. गहिनीनाथ शिरसाट, वय अंदाजे साठ, धंदा शेती, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाविना सांगून लिहवीत आहे. पोटातले दुखणे आता हटणारे नाही, असे डॉक्टर बोलले. डोके मात्र ठिकाणावर आहे, याची खात्री लिहिणाऱ्या मास्तरांनी करून घेतली आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

राहते घर व विहिरीखालची जमीन मुलगा रंभाजी यास द्यावी. त्याचा हक्क मी बुडवीत नाही. दोन शेळ्या आणि जाते लेक गोजरबाईला. जाते तिने वापरावे, अंगणात पालथे टाकू नये.

आता बांधावरचा उंबर. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा तो निम्मा आमचा व निम्मा थोरली जाऊ साळूबाई हिच्याकडचा ठरला. पुढे बांध कोरण्यावरून भांडण लागले. माझे मालक वारले, तेव्हा साळूबाई पलीकडच्या रानात खुरपत होती. उठून आली नाही. ते मी विसरलेली नाही.

या दुष्काळात शिवारात दाणा उरला नाही, बोरीसुद्धा वाळल्या. उंबराची मुळे ओढ्याच्या पोटात गेलेली, म्हणून तो तेवढा खोडापासून फळत राहिला. हिरव्या हरोळ्या, तांबट, साळुंक्या, खारी, दिवस मावळला की वटवाघळे, सगळी त्याच्यावरच जगली. खाली पडलेली फळे खोकड खाऊन जाई. पाखरांनी टाकलेल्या बियांतून ओढ्याकाठी नवे उंबर उगवलेले मी पाहिले आहेत. शेळ्यांपुरता पाला आम्हीही काढत होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले असता रंभाजीने आमच्या बाजूच्या फांद्या वीटभट्टीवाल्याला विकल्या. परत आले तर कच्ची उंबरे पायदळी पडलेली, तोडलेल्या जागांतून चीक गळत होता आणि हरोळ्या वर नुसत्या घिरट्या घालत होत्या. भट्टीची माणसे शिडी घेऊन दुसऱ्या बाजूला निघाली, तो साळूबाई बुंध्याशी बसलेली. तिच्या घरात तेव्हा पीठ नव्हते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक. त्यांनी देऊ केलेल्या पैशाला तिने हात लावला नाही. एवढेच म्हणाली, "माझं मी सरकारी सुकडीवर भागवीन. ह्या पाखरांना सुकडी कोन वाटनार हाय?"

माणसे परत गेली. मी तिथेच उभी होते.

आमची बाजू आता वाळली आहे. रंभाजी ती सरपणाला काढू म्हणतो. म्हणून सांगते, उंबरातला माझा निम्मा हिस्सा व त्याची सावली पडते तेवढी माझ्याकडची जमीन साळूबाईला द्यावी. वाळल्या खोडालाही कुऱ्हाड लावू नये, ढोलीत पिंगळ्याचे जोडपे आहे. रंभाजीने हरकत घेतल्यास विहिरीखालची जमीनही गोजरबाईला जावी.

हा कागद माझ्या हयातीत साळूबाईला दाखवू नये. मी जिवंत असेपर्यंत ती माझ्या हातचे काही घ्यायची नाही.

निशाणी डावा अंगठा: राहीबाई
साक्षीदार: १. कानिफनाथ विठोबा ससाणे
२. गीताबाई रामभाऊ लवांडे
लिहिणार: राधाकृष्ण केशव भापकर, शिक्षक
मुक्काम तिसगाव, ११ मे १९७३