पावडर पुसलेला फोटो

माय, सकाळपासून तुझा फोटो समोर ठेवून बसले आहे. मामाच्या लग्नातला, धावडा गावात काढलेला. तुझा एवढा एकच फोटो आहे आणि त्यातही तू मागच्या रांगेत. तो दिवस मला लख्ख आठवतो. मी आरशापुढे उभी आहे, तोंडावर पावडरीचे थर. तू कापूस वेचून तशीच आलेली. मला बघून आधी हसतेस, मग पदर ओला करून माझं तोंड खसाखसा पुसतेस. "पावडरचा फोटो काढायचा हाय का? हाय तसं तोंड दिसू दे." मी भोकाड पसरलं. फोटोत माझे डोळे अजून सुजलेले आहेत. फोटोवाला तुला म्हणाला, "बाई, तिथं तुम्ही काळ्या दिसून राह्यल्या, पुढं उजेडात या." तू जागची हलली नाहीस. "उजेडात बी अशीच दिसते मी. काढा तुम्ही." पुढच्या वर्षी तू गेलीस.

आता मी जालन्यात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावर खोली घेतली आहे. सोबतची मुलगी गावाकडे गेली आहे, खाली हमाल पोती टाकतात तेवढाच माणसांचा आवाज. माझा प्रोजेक्ट असा, की कॉम्प्युटरने फोटोतले चेहरे ओळखायचे आणि प्रत्येकाभोवती हिरवी चौकट काढायची. तुझ्या फोटोत त्याने सगळ्यांना चौकटी काढल्या, मावशीच्या कडेवरच्या तान्ह्यालासुद्धा. तुला नाही. काय काय करून पाहिलं, नाहीच. सर म्हणाले, "उजेड कमी आहे. हा काढून टाक, दुसरा घे." दुसरा कुठून आणू?

तुला ठाऊक नाही, मला अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा इतिहास वाचायचा नाद लागला आहे. वर्गातली मुलं विचारतात, तुझा काय संबंध? कोणी फारच समजूतदार असेल तर चाबूक आणि साखळदंड आठवून हळहळतो. मला त्या हळहळण्याचा राग येतो. त्या माणसांनी शाळा काढल्या, यंत्रं बनवली, भांडून हक्क घेतले, ते कोणी बोलत नाही. मला सगळ्यांत आवडतात त्या तिथल्या आया. पूर्वी फोटोची फिल्मच गोऱ्या कातडीच्या मापाने बनवायचे, म्हणून शाळेच्या फोटोत काळ्या पोरांचे चेहरे नीट उमटत नसत. त्या आयांनी तक्रार केली. पोरांना पावडर लावून नाही पाठवलं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसले आणि मग कितीतरी वेळ रडले. तू असतीस तर त्या बाया कुठल्या गावच्या, हे आधी विचारलं असतंस. इथे हे सांगायला कोणी नाही, माय. फार एकटं वाटतं.

उद्या प्रोजेक्ट दाखवायचा आहे. सर चिडतील, मार्क कापतील, पण सगळ्यांत आधी मी तुझाच फोटो लावणार आहे, चौकट नसलेला. चूक कॉम्प्युटरची आहे, बाईची नाही, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. रात्रीपासून ते वाक्य घोकते आहे.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, एका अर्थी बरंच आहे. कारण एक सांगायचं राहिलं. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला, तेव्हा मी पावडर लावून गेले होते. त्या फोटोवर चौकट पहिल्याच झटक्यात आली.