एक विषय की दोन

अ‍ॅबरिस्टविथ,
४ सप्टेंबर २०११

ती. ग्वेनताईस,
सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच. मी मेडिकलला अर्ज करते आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

पदवीधरांची प्रवेशपरीक्षा मी मार्चमध्ये गुपचूप दिली होती. रसायनशास्त्रात कशीबशी तरले, पण निबंधात इतके गुण मिळाले की एकूण आकडा पुरेसा झाला. पंधरा वर्षं अभिलेखागारात जुन्या इस्पितळांच्या नोंदवह्या लावण्यात गेली, त्याचा एवढा तरी उपयोग. शनिवारी मी हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करायला जाते, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या एका आजोबांना जेली भरवताना त्यांनी विचारलं की तू डॉक्टर का नाहीस?

अडचण जुन्या कागदांची आहे. विद्यापीठाला माझ्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचं मूळ प्रमाणपत्र हवंय. १९८९ चं! ते आईच्या, आपल्या मॅमच्या, कपाटात असेल. शोधून पाठवशील? आणि मॅमला एवढ्यात सांगू नकोस.

तुझी लबाड धाकटी,
मेरेरिद

कार्मार्थन,
११ सप्टेंबर

चि. मेरेरिद हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मॅमनेच फोडलं, त्यामुळे गुपित संपलं. आज रविवारच्या प्रार्थनेनंतर चॅपलच्या दारात तिने पाच बायकांना सांगितलं. त्यातल्या मिसेस प्रॉसर मला म्हणाल्या की डॉक्टर तर तू होणार होतीस ना? मी हो म्हटलं आणि चहाचे कप गोळा करू लागले. घरी येताना मॅम म्हणाली, तुझी जागा गेली तरी घरातच राहिली ना. तिने ते प्रेमानेच म्हटलं.

तू अडतीस वर्षांची आहेस. चार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडशील तेव्हा त्रेचाळीसची, आणि पुढे रात्रपाळ्या. हे मी काळजीने लिहिते आहे असं मला वाटतं. खात्री नाही. इतिहास घेतलास तेव्हा विज्ञानाला वास येतो म्हणायचीस. कपाट अजून उघडलं नाही. शाळा सुरू झाल्यापासून सवड नाही.

माया आहेच,
ग्वेनलियन

अ‍ॅबरिस्टविथ,
१९ सप्टेंबर

ती. ग्वेनताईस,
सा. न. वि. वि.

मॅमचा फोन येऊन गेला. तिने मला आतापासूनच गुडघा दाखवायला सुरुवात केली आहे, तेही फोनवर.

पण माझं बहुतेक जमत नाही. 'ब' किंवा वरची श्रेणी असलेले सहा विषय लागतात. आठवणीने मोजले: वेल्श, इंग्रजी, इतिहास, गणित, विज्ञान. पाचच. फ्रेंच आणि भूगोल 'क'. संध्याकाळच्या वर्गाला बसून एक विषय पुन्हा द्यावा तर वर्ष जाईल, आणि पुढच्या वर्षापासून हे विद्यापीठ दहा वर्षांपेक्षा जुनी प्रमाणपत्रं धरणारच नाही. बाकीच्या विद्यापीठांनी तर हे दार आधीच लावलंय. मुदत १५ ऑक्टोबर.

ताई, तू शाळेत रोज याच परीक्षेची मुलं शिकवतेस. मी मोजण्यात कुठे चुकले का? नाहीतर यंदा फी भरून हसं करून घेत नाही. तू म्हणशील तसं.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर,
मेरेरिद

कार्मार्थन,
२६ सप्टेंबर

चि. मेरेरिद हिस,
अ. उ. आ.

प्रमाणपत्र सापडलं. सोबत पाठवते आहे. कोपरा ओलीने पिवळा पडलाय, पण शिक्का स्वच्छ आहे. श्रेणी तू म्हणतेस त्याच आहेत.

नियम तो नियम. संध्याकाळच्या वर्गाचा विचार वाईट नाही. नाहीतर हॉस्पिसचं काम आहेच, त्यातही समाधान असतं. मीही एकदा एका श्रेणीने राहिले होते. माणूस जगतो.

सांभाळून राहा,
ग्वेनलियन

कार्मार्थन,
९ ऑक्टोबर

चि. मेरेरिद हिस,
अ. उ. आ.

आज सकाळी फोनवर मी तुला एवढंच म्हटलं की विज्ञान दोन विषय धर आणि आजच अर्ज भर. मग रिसीव्हर ठेवला. तुझा आवाज ऐकत राहिले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते.

तुमच्या वर्षापासून विज्ञान 'दुहेरी' झालं. एकच पेपर, एकच ओळ, पण श्रेणी दोनदा छापतात: 'बब'. ती छपाईची चूक नाही. ते दोन विषय असतात. तुझे सहा पूर्ण आहेत. प्रमाणपत्र उघडलं त्या क्षणी मला ते दिसलं. मी चौथ्या वाक्यात श्रेणी त्याच आहेत असं लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. किती जपून लिहिलं होतं मी! तीन मसुदे केले.

का, तेही लिहिते. १९८५ साली रसायनात 'ब' हवा होता, 'क' आला. जागा गेली. परीक्षेला पुन्हा बसायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगत आले की वडील, आपले टॅड, आजारी होते. टॅड आजारी पडले ते पुढच्या वर्षी. तू कविता वाचत, संग्रहालयं हिंडत, मन मानेल तशी जगलीस, आणि आता चाळिशीच्या तोंडावर माझ्या दारातून आत जाणार. मला तुझा हेवा वाटला. वाटला नाही, वाटतो.

गुरुवारी शाळेत पालकसभा होती. एका बापाने निकालाच्या नमुन्यावर बोट ठेवून विचारलं, मिस, हा एक विषय की दोन? मी तोंड वर न करता म्हटलं, दोन, कुणी एक म्हटलं तर माझ्याकडे पाठवा. तो गेला आणि मला पुढच्या पालकांची नावं दिसेनात. त्यानंतरही मी दोन दिवस घालवले. काल मॅमने पहाटे सहाला टीव्हीवरच्या रग्बी सामन्यासाठी उठवलं, आपलं वेल्स जिंकलं, ती नाचली, आणि मी तिच्या शेजारी बसून तुझी मुदत मोजत होते.

माफ कर असं लिहीत नाही. आधी अर्ज भर.

ग्वेनलियन

अ‍ॅबरिस्टविथ,
१३ ऑक्टोबर

ग्वेनताई,

अर्ज गेला. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बशी फोडावीशी वाटली. एक फोडली.

मी मोजायला तुझ्याकडे आले होते, कारण तू कधी चुकत नाहीस. तेच मनाला लागलं. नाताळला येईन. त्याआधी फोन करू नकोस.

मेरेरिद

अ‍ॅबरिस्टविथ,
२२ मार्च २०१२

ती. ग्वेनताईस,
सा. न. वि. वि.

जागा मिळाली. मुलाखतीत विचारलं, उशीर का झाला. मी म्हटलं, मोजता येत नव्हतं. ते हसले. मॅमला तूच सांग. मला वाटतं ते तुझ्या तोंडून तिने ऐकावं.

तुझी,
मेरेरिद

कार्मार्थन,
२५ मार्च

चि. मेरेरिद हिस,
अ. उ. आ.

मॅमला सांगितलं. चॅपलला पोचायच्या आत तिने दूधवाल्याला सांगितलं. मिसेस प्रॉसरना मात्र मी स्वतः सांगितलं, आणि त्या पुढचं विचारायच्या आत हेही सांगितलं की मला पुन्हा बसता आलं असतं, मी बसले नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मनात पहिली आली ती गोष्ट आनंदाची नव्हती. ती मी इथेच ठेवते. तिला आता जायची घाई नाही, आणि तुझ्याकडे तर पाठवणारच नाही. दुसरी आनंदाची होती. थोडी उशिरा आली, पण आली. तीच पाठवते आहे.

ग्वेनलियन