डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

आई, तुझ्या त्या पत्र्याच्या डब्याबद्दल लिहायला बसले आहे. चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे असायचा तो. कोणाला ताप आला, गळू झालं, की दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या यायच्या. दोन दिवसांत माणूस उठून बसलं, की उरलेली पट्टी तू कापून डब्यात ठेवायचीस. तुला वाचता येत नव्हतं, पण लाल-काळी कॅप्सूल गळवाची, पिवळी गोळी जुलाबाची, हे पाठ होतं. सगळा मोहल्ला यायचा. "वहिनी, अंग तापून राहिलं, पाहा ना काही." रिकाम्या हाताने तू कोणाला पाठवलं नाहीस. मी सहावीत असताना एकदा दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं म्हणून पाचही दिवस गोळ्या घेतल्या आणि मोठ्या ऐटीत तुला रिकामी पट्टी दाखवली. तू पाठीत धपाटा घातलास. "साऱ्या खाऊन टाकल्या? बरी झाली होती ना तू? आता तुया बाबाले ताप आला तर काय देऊ, तुयं डोस्कं?" मी रडणार होते, पण बाबा हसत होते, म्हणून राहून गेलं.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पुढे नर्सिंगची पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली. कॉलेजात एकदा शिकवलं की औषध गरज नसताना, अर्धंमुर्धं घेत राहिलं, तर जंतू त्याला सरावतात आणि मग खरी वेळ येते तेव्हा ते औषध चालत नाही. तो सगळा तास मी वहीत मान घालून बसले होते. तेव्हा तुझा राग आला होता. पुढे नोकरीत पाहिलं, की साध्या सर्दीला जबर इंजेक्शन देणारे शिकलेले लोकही कमी नाहीत. मग राग थोडा त्यांच्यातही वाटला गेला.

आता मी नवजात बाळांच्या विभागात आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातून सहा दिवसांची मुलगी आली. अंग गार पडलेलं, दूध ओढत नव्हती. रक्त काढायला सुई टोचली तरी रडली नाही, आणि ते सगळ्यात वाईट असतं. रक्तात जंतू शिरल्याची लक्षणं होती. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरी काही दिलं होतं का? बाळाची आजी म्हणाली, "काई नाई दिलं." सोबत आलेली गावची आशाताई, आरोग्याचं काम बघणारी, तीही म्हणाली, काही नाही. बाळाची आई दुपट्याची घडी घालायला लागली.

असं विचारलं की आपली माणसं नाहीच म्हणतात. हो म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. मी आजीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि विचारलं, "आजी, डब्यातली कोणती होती? लाल-काळी का पिवळी?"

ती माझ्याकडे वळली. "तुले कोनं सांगतलं?"

"आमच्याही घरी डबा होता."

तिने पदराची गाठ सोडली. आत दोन कॅप्सूल, कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा. "चिमूटभर दिलं बाई, दुधात कालवून. दोन दिस. मी का मारासाठी दिलं?"

"नाही आजी. जगावी म्हणूनच दिलं."

तो तुकडा मी मॅडमना दाखवला. रक्तातले जंतू वाढवून बघतात, त्याचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, काहीच उगवलं नव्हतं. एरवी आम्ही जंतू नाहीत असं समजून सुरू केलेली इंजेक्शनं बंद केली असती. पण मॅडम म्हणाल्या, "त्या चिमूटभर औषधाने जंतू लपवलेत. परत रक्त पाठवा." दुसऱ्या वेळी ते उगवले, आणि आम्ही सगळ्या बाळांना आधी देतो त्या दोन्ही इंजेक्शनांना ते दाद देत नव्हते. एक जुनं औषध तेवढं लागू पडत होतं. ते सुरू केलं. तिसऱ्या सकाळी मी सुई टोचली आणि ती अशी किंचाळली की माझ्या हातातला कापूस पडला. काचेबाहेरून आजी ओरडली, "रडली का? मायी नातच ना ते?" मी हो म्हणून मान हलवली.

दोन दिवसांत पोरगी दूध ओढायला लागली, तशी आजी गाठोडं बांधून तयार. "आता दूध पिऊन राहिली, तं कायले थांबाचं? घरी रोवना पडला हाय." मला शिकवलेलं सगळं बोलता आलं असतं. मी एवढंच विचारलं, "धानाची अर्धी बांधी निंदून, बाकीचं तण तसंच ठेवून घरी जाता का तुम्ही?"

"मोठी आली बांधीवाली," म्हणाली. पण गाठोडं सोडलं. औषधाचे चौदा दिवस पुरे होईपर्यंत थांबली, आणि जाताना आईच्या हातातून नात हिसकावून स्वतः घेऊन गेली.

आता आमच्याकडे प्रत्येक बाळाच्या घरच्यांना तसंच विचारतात: डब्यातली कोणती होती? आणि माणसं सांगतात, आई. खरंच सांगतात. मॅडमनी मला फुलचूरला आशाताईंच्या प्रशिक्षणात हे सांगायला पाठवलं. मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक बाई अशा गोळ्या जपून ठेवायची, तिच्यामुळे मला हे सुचलं. मागून एकीने विचारलं, "अडाणी होती का ती बाई?"

हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मी "हो" म्हणाले, आई. आणि पुढचा मुद्दा सांगायला लागले.