साडूच्या जीपची थरथर

३ फेब्रुवारी

साडूमहाराजांनी जीप चार इंच उंच करून आणली. आता ती थरथरते. – काय आश्चर्य!

दुपारी गॅरेजच्या दारात हॉर्न वाजवत हजर. उतरताना यांनाच शिडी लागेल अशी उंची, पण ऐट बघावी. “साठाच्या पुढे गेली की सीटखाली काहीतरी गुणगुणतं,” म्हणाले. गुणगुणतं! मी एक चक्कर मारून आलो. गुणगुणणं कसलं, माझ्या दाढा वाजल्या. उंच कुणाकडून केली म्हणून विचारलं, तर जिथे गाड्यांना रंगीबेरंगी दिवे लावून मिळतात तिथून! त्यांनी करायचं, मी निस्तरायचं.

आणि घाई आहे. सासूबाई वर डोंगरात एकट्या राहतात. गेल्या महिन्यात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांना आता खाली आमच्याकडे आणायचं. वरचा रस्ता असा, की चारही चाकं ओढणारी गाडी असेल तरच चढायचं नाव घ्यावं. आणि डॉक्टरने बजावलंय – हादरे अजिबात नकोत. म्हणजे सगळी भिस्त या थरथरत्या उंटावर!

सासूबाई आल्या की माझी मधली खोली जाणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी “जावयाचे हात काळे” हे त्यांचं पालुपद सुटलेलं नाही. आता त्याच काळ्या हातांनी त्यांची पालखी सजवायची. असो.

५ फेब्रुवारी

गाडीखाली गेलो. रोग समोरच दिसतोय.

गिअरबॉक्सच्या मागून लांब शाफ्ट निघतो, तो मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला, त्याच्या नाकाशी जोडलेला. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे. वाकडा फिरणारा क्रॉस कधी एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. पण दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात वाकलेला असला की एकाची खोड दुसरा जिरवतो, चाकांना पत्ताही लागत नाही. दोन्ही कोन सारखे ठेवायचे – संपलं शास्त्र! दिवेवाल्यांनी गाडी उचलली आणि कोन देवावर सोडले. पुढचा सहा अंश, मागचा दहा. नाक पार खाली पडलेलं.

जेवताना हिला समजावून सांगितलं. ताटातल्या दोन चमच्यांनी दाखवलं सुद्धा. ही म्हणाली, “पण परवा मी मागे बसले होते ना, तेव्हा–” म्हटलं, आधी कोन म्हणजे काय ते नीट ऐक. ऐकलं तिने. ऐकते चांगली.

६ फेब्रुवारी

समोरच्या लेथवाल्याकडे पाचरी करायला टाकल्या. अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये पाचर सारली की डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. “किती अंशाची?” “तीन.” “दोनची तयार आहे, चालेल?” – चालेल! चपला विकतो की काय हा?

९ फेब्रुवारी

पाचरी बसल्या. पुढचा कोन सहा, मागचा सात. हा एक अंश मुद्दाम जास्त, कारण जोर लागला की ते नाक आपोआप वर होतं. मेहुणीसारखं.

एकटाच हमरस्त्यावर जाऊन आलो. साठ, सत्तर, ऐंशी. लोणी! साडूंना फोन करून म्हटलं, गाडी घेऊन जा आणि पुन्हा दिवेवाल्यांकडे फिरकलात तर माझ्या दारात यायचं नाही.

१२ फेब्रुवारी

साडू पुन्हा हजर. “थरथर आहेच हो.”

म्हटलं, बसा शेजारी. दोघं जाऊन आलो. कुठेय थरथर? दाखवा! साडू तोंड पाडून बसलेले. “काल सगळे होतो तेव्हा होती.” सगळे होतो तेव्हा होती म्हणे! भुताटकी आहे का? नाचता येईना अंगण वाकडं – यांना एकसारखा पाय दाबता येत नाही, खापर माझ्या पाचरींवर.

तरी चाकं तपासली, शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का पाहिलं. सगळं जागच्या जागी. मेहुणीने फोनवर ऐकवलं, “भाऊजी, मी काय खोटं बोलतेय?” खोटं नाही गं बाई. पण तुझ्या नवऱ्याला थंडी वाजली तरी तू म्हणशील गाडी थरथरते.

१३ फेब्रुवारी

ही दुपारी डबा घेऊन गॅरेजवर आली. “अहो, मी काय म्हणते, मागे माणसं बसली की–”

म्हटलं, तुम्ही दोघी बहिणी मागे बसलात की बिचारी गाडी थरथरणार नाही तर काय करणार? दोन गिऱ्हाइकं उभी होती, पोट धरून हसली. लेथवाला रस्त्यापलीकडून हसला. ही पण हसली असावी. डबा ठेवून लगेच गेली.

१५ फेब्रुवारी

सापडलं! चहा पिता पिता एकदम डोक्यात आलं – वजन!

पाटे नवे आणि मऊ. मागे माणसं बसली की ते चेपतात, अ‍ॅक्सल जरा फिरतो, आणि नाकाचा कोन बदलतो. मी मापं घेतली रिकाम्या गाडीची, चालवली एकट्याने किंवा पुढे दोघांनी. वर जाणार कोण? साडू, मेहुणी, ही, आणि येताना सासूबाई. म्हणजे मापं घ्यायची ती भरल्या गाडीची, चाकं जमिनीवर टेकलेली असताना, माणसं जागच्या जागी बसवून.

घरी येऊन हिला म्हटलं, बघ, याला म्हणतात डोकं! ही “हो” म्हणाली. कौतुक करायला या घरात कुणाला शिकवलेलंच नाही.

१६ फेब्रुवारी

आज मापं घेतली.

गॅरेजच्या मधोमध जीप. पुढे साडू, कानात गाणी खुपसून, म्हणजे जगाशी संबंध संपला. मागे दोघी बहिणी. सासूबाईंच्या जागी वाळूची दोन पोती. (वाळू टोमणे मारत नाही, एवढाच फरक.) सगळ्यांना बजावलं – हलायचं नाही, मी सांगेपर्यंत उतरायचं नाही. आणि चुंबकाचा कोनमापक घेऊन खाली सरपटलो.

पुढचा कोन घेतला. मागच्या टोकाशी गेलो. डोक्यावर पत्रा, पत्र्यावर दोघींचे पाय. कोनमापकाचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पडलो होतो. वर बोलणं चालू झालं.

ही म्हणाली, “आईला खाली आणायचं नाही.”

“अगं ताई, मग?”

“मीच वर जाते राहायला. तिथेच करते तिचं.”

“किती दिवस?”

“किती दिवस असं काही ठरवलेलं नाही.”

मेहुणी म्हणाली, “परत यायचं तरी ठरवलंयस ना?”

“नाही.”

“आणि भाऊजी?”

“त्यांना काय? गॅरेज आहे. त्यांना घरात माणूस बोलायला नाही लागत, ऐकायला लागतो. ते काम गिऱ्हाइकंही करतात. आईला इथे आणायचं म्हणजे तिलाही ऐकत बसवायचं. मी बसले तेवढं पुरे.”

काटा कधीच स्थिर झाला होता. पुढचा पाच, मागचा साडेआठ. मी आकडे मोठ्याने वाचले. का वाचले देव जाणे, लिहून घ्यायला कुणी नव्हतंच. मग ओरडलो, “झालं! उतरा आता!”

बाहेर आलो तेव्हा ही साडी झटकत होती. “लागलं का काही?” म्हणाली. म्हटलं, अडीच अंश आणखी लागतील.

१७ फेब्रुवारी

लेथवाल्याकडे नव्या पाचरी टाकल्या. साडेपाच अंशाच्या – आधीचे तीन आणि हे अडीच. यावेळी त्याने चालेल का विचारलं नाही. माझं तोंड बघून असेल.

१८ फेब्रुवारी

राग आला आहे. आपल्याच घराच्या गोष्टी आपण गाडीखाली पडून ऐकायच्या! मी काय दारुडा आहे? हात उगारला कधी? घरात कधी काही कमी पडू दिलं? बोलतो जरा. बोलणारा माणूस आहे मी. अख्खी गल्ली माझ्या बोलण्यावर हसते.

ही हसत नाही, हे आज लक्षात आलं. आठवून आठवून पाहिलं. शेवटची कधी हसली ते आठवेना.

१९ फेब्रुवारी

एक मार्ग आहे. पाचर उलटी सारायची. जाड बाजू पुढच्याऐवजी मागे. बाहेरून बघून साडूच्या सात पिढ्यांना कळणार नाही. पन्नासालाच गाडी दात खिळखिळे करील, साडू घाबरट, घाटाच्या तोंडावरून परत फिरेल. दुसरी गाडी वर चढत नाही. ही परत घरी! मग मी म्हणायचं, बघतो, वेळ लागेल. चार महिने काढीन मी त्या गाडीखाली. सहा काढीन.

दुसराही मार्ग आहे, तिला म्हणायचं की जाऊ नकोस. त्याला पाचर लागत नाही. त्याला जे लागतं ते माझ्याकडे नाही.

मला तिच्याशिवाय राहता येणार नाही. इथे लिहिता आलं एवढं.

२० फेब्रुवारी

जेवताना ही म्हणाली, “गाडी कधी होणार?”

“उद्या.”

“होईलच ना? राहिलं तर राहू दे. थोडं थांबू.”

म्हटलं, माझ्या हातून काम राहिलंय कधी? लोक काय म्हणतील – साडूची गाडी, ती पण याला जमली नाही? ही माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता ती सांगणार. घाईघाईने म्हटलं, आमटी अळणी झालीय. तिने मिठाची वाटी सरकवली.

आमटी अळणी नव्हती.

२१ फेब्रुवारी

पाचरी आल्या. एक हातात धरून गाडीखाली पडलो होतो बराच वेळ. उलटी धरली. सुलटी धरली. पुन्हा उलटी धरली.

सुलटी बसवली.

चांगुलपणा वगैरे काही नाही त्यात. माझ्या गॅरेजमधून थरथरती गाडी बाहेर पडलेली मला सोसत नाही, बस्स. बायको बाहेर पडलेली सोसेल की नाही ते माहीत नाही, पण गाडी नाही! असा मी शहाणा. भरल्या गाडीत पुढचा पाच, मागचा सहा. बोल्ट दोनदा आवळले.

संध्याकाळी सगळ्यांना घालून हमरस्त्यावर. वाळूची पोती पण होती. साठ, सत्तर, ऐंशी. डबक्यातल्या पाण्यासारखी शांत गाडी. साडू म्हणाले, “मानलं बुवा!” मेहुणी म्हणाली, “भाऊजी, हात आहेत की काय आहे!” ही खिडकीतून बाहेर बघत होती.

परत आल्यावर तिने सांगितलं. सरळ उभं राहून, शांतपणे. “आईला इथे नको आणायला. मी तिकडे जाऊन राहते.”

म्हटलं, “जा की. मला खोली मोकळी मिळेल.”

जीभ झडत नाही माणसाची.

२२ फेब्रुवारी

गेली. एक बॅग, एक पिशवी. साडूंना सांगितलं, उतारावर गिअर सोडू नका, चढाला चारही चाकं जोडून घ्या. तिला सांगितलं, मधल्या सीटवर बस, तिथे हादरा कमी. तिने मान डोलावली.

गल्लीच्या टोकापर्यंत गाडीकडे बघत होतो. मागचं नाक बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी

मधली खोली माझीच राहिली. तिच्यात जाऊन बसलो. काय करायचं असतं तिथे तेच आठवेना.

लेथवाल्याने विचारलं, “वहिनी नाही आल्या डबा घेऊन?” म्हटलं, माहेरी गेलीय, आता आठ दिवस चैन! तो हसला. मी पण हसलो. मग शटर ओढून घेतलं, दुपारीच.

२४ फेब्रुवारी

फोन आला. पोचले म्हणाली. आई बरी आहे. मी विचारलं, “थरथर?” – मेल्याला दुसरं काही सुचलं नाही!

“अजिबात नाही,” म्हणाली. “त्या दिवशी गाडीखाली तुम्हाला सगळं ऐकू येतंय हे मला माहीत होतं. म्हणूनच बोलले. वर असलात की तुम्हीच बोलता. मग वाट बघितली रोज, आता काही म्हणाल म्हणून. तुम्ही गाडी नीट करून दिलीत.”