अडलेल्या म्हशी सोडवणारा हात

आई, काल तुझ्या नातवाच्या गोठ्यात गुरांचा डॉक्टर आला होता. सातव्या महिन्यात म्हैस गाभडली आणि वार आत अडकून राहिली, म्हणून त्याला बोलावलं. अगदी पोरसवदा डॉक्टर. त्यानं पिशवीतून रबराचे हातमोजे काढले, पार खांद्यापर्यंत येणारे, तोंडाला फडकं बांधलं आणि मला म्हणाला, "आजी, तुम्ही लांब व्हा." मला हसू आलं. म्हटलं, बाबा रे, मी म्हशीच्या शेणात रांगत मोठी झाले, मला कसला लांब करतोस? तो हसला नाही. म्हणाला, हा रोग माणसालाही होतो, कच्च्या दुधातूनसुद्धा. ताप महिनोन्‌महिने येतजात राहतो, हाडं दुखतात, बाईमाणूस पोटुशी असेल तर तिचंही पोट पडतं. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले. तुझं दुखणं कुणीतरी मला नीट सांगत होतं, आणि ते तुझं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

तुझा हात लहान होता. बांगड्या भरायला येणारी कासारीण दरवेळी म्हणायची, पोरीच्या मापाचा हात आहे. आपल्या बेलवली गावात कुणाची म्हैस अडली की म्हणूनच तुला बोलावणं यायचं. चुलतकाका अंगणातूनच हाक घालतोय, "वयनी, बेगीन चल, म्हस अडलेय. तुजा हात लागला का सुटंल." तू हातातलं सूप तसंच ठेवून उठतेस. सवाष्णीनं हात मोकळे करू नयेत म्हणून बांगड्या काढायच्या नाहीत, कोपराच्या वर सरकवून चिंधीनं बांधायच्या. मग खोबरेल तेल चोपडायचं आणि हात आत. म्हशीशी तू अशी बोलायचीस जशी आम्हा पोरांशी कधी बोलली नाहीस. "झालं गो बाय, झालं. थोडं सोस." म्हैस अंग टाकायची, एखादी बांगडी पिचायची, मनगटावर ओरखडे उठायचे. रेडकू बाहेर आलं की तू राखेनं हात धुवायचीस, जखमेवर हळद दाबायचीस आणि त्याच लुगड्यानं दुसऱ्या घरी बोलावणं असेल तर तिकडे निघायचीस. कुणाकडून काही घेतलं नाहीस. तांब्याभर चीक मात्र घरी यायचा आणि त्याचा खरवस तू आम्हाला वाढायचीस, स्वतःला ठेवायला विसरायचीस.

फाळणी झाली, जवळच्या लष्कराच्या कॅम्पात सिंधी निर्वासित आले आणि दुधाला एकदम भाव आला. बराकीच्या बराकी माणसांनी भरलेल्या, सगळ्यांना दूध हवं. ज्यांच्या दारात शेळी नव्हती त्यांनी बाजारातून म्हशी आणल्या, कुठल्या कुठल्या मुलखातल्या. बाबांनीही एक आणली, मोठी शिंगाळ, गाभण. मी तेव्हा लग्नाची झाले होते, धार काढायचं काम माझं. बाबांबरोबर मी कॅम्पात दूध घालायला जायची, तिथली एक सिंधी बाई माझ्या समोरच दूध चुलीवर ठेवायची आणि तीनतीनदा उकळी आणायची. मला म्हणायची, "बेटी, कच्चा नहीं पीना." आम्ही घरी येऊन तिची टिंगल करायचो. दूध कधी इतकं शिजवतात का? धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असं बाबा म्हणायचे आणि कासंडीतूनच तोंडाला लावायचे.

ती बाजारातली म्हैस आमच्याकडे गाभडली. मेलेलं रेडकू तूच ओढून काढलंस, वारही तूच हात घालून सोडवलीस. तुझं लुगडं त्या घाणीनं भिजलं होतं. तू म्हणालीस, लांबचा प्रवास बाधला बिचारीला. पुढे शेजारी एक गाभडली, मग पलीकडच्या आळीत एक, मग चुलतकाकाकडे. प्रत्येक ठिकाणी तू गेलीस, कारण दुसरं कोण जाणार? त्याच वर्षी तू पोटुशी होतीस. मी लग्नाची झालेली आणि आईचं पोट दिसतंय, याची मला लाज वाटायची. पाचव्या महिन्यात तुझंही पोट पडलं. मग विहिरीवरच्या बायकांनी ताळा जमवला. जिथं हिचा हात फिरतो तिथं गाभ राहत नाही, हिच्या स्वतःच्या पोटातही राहिला नाही. बाबा म्हणाले, "कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली, त्यात काय?" पण तू त्यानंतर विहिरीवर एकटीच जायला लागलीस, बायका परतल्यावर.

पुढच्या पावसाळ्यात चुलतकाकाची दुसरी म्हैस अडली. बोलावणं आलं नाही. ओरडणं ऐकून तू आपणहून गेलीस, बांगड्या वाटेतच वर बांधल्यास. मी तुझ्या मागे होते. काका गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "वयनी, तू ऱ्हाऊ दे आता. आमी बघताव." तू म्हणालीस, "अरे, उलटं हाय रेडकू. तुमच्यानं नाय निघायचं." त्याच्या मागून काकी बोलली, "मरू दे मेली तर. तुजा हात नको." तू चिंधी सोडलीस, बांगड्या खाली घेतल्यास आणि घरी येऊन चुलीपाशी बसलीस. म्हैस दुपारपर्यंत ओरडत होती. तू भात टाकलास, भात उतरवलास, आणि कुणी जेवलं नाही. ओरडणं थांबलं तेव्हा तू म्हणालीस, "गेली." मला त्या घराचा इतका राग आला की पुढे काकी मेली तरी मी रडायला गेले नाही.

ताप तुला तेव्हापासूनच होता. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं गोधडी भिजायची, सकाळी तू शेण काढायला उठायचीस. तेव्हाच्या डॉक्टरनं हिवताप म्हणून कोयनेल दिलं. कडू घोट घेऊन तुझे कान वाजायचे, ताप मात्र हटायचा नाही. कंबर धरली, गुडघे धरले, मग चार पावलांवर धाप लागायला लागली. अंगात ताकद यावी म्हणून बाबा रोज पहाटे स्वतः धार काढायचे आणि फेसाळ दुधाचा पेला तुझ्या तोंडाला लावायचे. त्याच बाजारातल्या म्हशीचं दूध, आई. त्यांनी उभ्या जन्मात तुझे एवढे लाड कधी केले नव्हते. मी ते बघायची आणि मला बरं वाटायचं. काल हे आठवलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबून रडले. बाबांवर रागवायचं तरी कसं?

शेवटी शेवटी तू पडवीतल्या खाटेवर असायचीस आणि हात उलटेपालटे करून बघत राहायचीस. मी जवळ बसले की विचारायचीस, "माज्या हाताचं काय चुकलं गो?" मी म्हणायची, काही नाही, लोकांना उद्योग नाहीत. बाबाही तेच म्हणायचे. तुला ते पटलं नाही. तू तो प्रश्न घेऊनच गेलीस.

म्हणून काल मी डॉक्टरला विचारलं, गावात एकामागून एक म्हशी गाभडतात त्या याच रोगानं का? तो हो म्हणाला. कुणाची करणी नव्हती, कुणाचा शाप नव्हता, हे त्याच्याकडून ऐकून मला आधी केवढा आनंद झाला सांगू! वाटलं, आता तुला छातीठोकपणे सांगता येईल. मग माझी जीभ राहिली नाही. विचारलं, हा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो कसा? तो सहज म्हणाला, "विकत आणलेल्या जनावरातून येतो, आजी. मग हातानं, कपड्यानं, बादलीनं पसरतो. एका म्हशीची वार काढली आणि तसंच दुसरीकडे गेलं, की झालं."

हातानं. विहिरीवरच्या त्या बायकांना का ते कळलं नव्हतं, पण कुठून हे त्यांनी बरोबर धरलं होतं. काकीनं तुझा हात नाकारला त्यात तिचा दुष्टपणा होता, आणि तरी ती पूर्ण चूक नव्हती. आयुष्यभर मी ज्यांच्याशी वैर धरलं ती माणसं आता मला एकदम माझ्यासारखीच घाबरलेली दिसतात. तू मात्र आणखी एकटी दिसतेस. तुझ्या हातून जे गेलं ते आधी तुझ्यात शिरलं होतं, त्या पिचलेल्या बांगड्यांच्या ओरखड्यांतून. कुणी तुला मोजे दिले नव्हते, कुणी सांगितलंही नव्हतं. हे मी स्वतःला दहादा बजावते.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तू समोर बसून पुन्हा विचारलं असतंस तर आजही मी म्हटलं असतं, काही चुकलं नाही, लोकांना उद्योग नाहीत. एक आणखी सांगते. मोजे उतरवून साबणानं हात धुताना डॉक्टरनं विचारलं होतं, "तुमच्या घरात कुणाला असा ताप झाला होता का?" मी म्हटलं, नाही, आमच्यात कुणाला नाही. आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.