हॉलच्या मागचा कट्टा

प्रिय आत्याबाई,

परवा आपला हॉल पुन्हा उघडला. तुम्हाला ही बातमी दुसरं कोण कळवणार, म्हणून मीच लिहायला बसले. सासूबाई, तुम्ही हयात असताना तुम्हाला चार ओळी लिहायची कधी वेळ आली नाही आणि आता लिहिते आहे! पण सांगितल्याशिवाय चैन पडेना. मागची जाळीची भिंत आता राहिली नाही, आत्याबाई. मी ती वाचवू शकले नाही.

आधी चांगलं सांगते. छत आता गळत नाही. पावसाळ्यात रंगमंचावर बादल्या मांडून गाणी व्हायची, आठवतं? खुर्च्या मऊ आहेत. पायऱ्यांशेजारी उतार केला आहे, चाकाची खुर्ची थेट आत जाते. आणि बायकांसाठी चांगलं स्वच्छतागृह! इतक्या वर्षांनी सुचलं. पूर्वी मध्यंतर झालं की रेशमी साड्यांतल्या बायका पळत आपल्या मागच्या दारी यायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "या बाई, तिकीट तुमचं आन सोय माझी!"

आता भिंतीचं.

सरकारनं सगळ्यांसाठी सगळं बांधावं असं मानणारा तो काळ होता. कापसाच्या आणि लोखंडाच्या या गावालाही गाण्याचं घर हवं, असं कुणाला तरी वाटलं, याचंच मला अजून नवल वाटतं. पैसा अपुरा पडला तेव्हा गल्लीतल्या घराघरांतून श्रमदानाला माणूस मागितलं. आपल्या घरून तुम्ही गेलात. वाटूरहून नव्यानंच शहरात आलेल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून रांगेत उभ्या राहिलात आणि हातोहात विटा पुढे दिल्यात. मागची भिंत जाळीची केली, विटांमध्ये मोकळ्या जागा सोडून, म्हणजे वारा आत जाईल. वारा आत गेला आणि गाणं बाहेर आलं! भिंतीलगतच्या कट्ट्यावर आपल्या गल्लीला कायमची जागा मिळाली.

हे मला कुठे ठाऊक होतं? मी त्या वेळच्या औरंगाबादेतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "चल मडम, गाणं हाय हॉलवर." मी आत जाऊन नवी पैठणी नेसून आले. तुम्ही मला कट्ट्यावर बसवलंत आणि मांडीवर मेथीची जुडी ठेवलीत! शेजारी आपल्या गल्लीतल्या शकीला चाची अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेल्या. त्या इतक्या हसल्या की सुपारी सांडली.

"आत नाही जायचं?" मी विचारलं.

"आत कामून? माझ्या हातच्या इटा हायत त्या. मी तिकीट काढू व्हय?"

मला ते खरंच वाटलं. कितीतरी वर्षं मी हेच कारण समजत होते.

आत जे काही चालू असेल, त्यात तुम्ही आपलं गाणं मिसळायचात. ख्याल असो, कव्वाली असो, तुमच्या जात्यावरच्या ओव्या त्या सुरात बरोबर बसायच्या. मेथी निवडता निवडता चालायचं ते. त्या ओवीत नावाची एक जागा असायची. तिथे कधी वाटूरच्या तुमच्या आईचं नाव यायचं, कधी चाचींचं, आणि एकदा माझं आलं. मी मान वर केली नाही, पण ऐकलं होतं, आत्याबाई.

मी मात्र तुमच्याबरोबर गायले नाही. शाळेच्या गायनवृंदात सिस्टरनी मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. त्या प्रेमळ होत्या, पण ते वाक्य माझ्या गळ्यात बसलं ते बसलंच. कट्ट्यावरही मी ओठच हलवायची. तुमच्या ते लगेच लक्षात आलं.

"आवाज माहेरी ठिवून आलीस का गं?"

एकदा मी हट्टानं तुम्हाला आत नेलं. दुसरी रांग. तुम्ही पदर सावरून, पाय जुळवून बसलात. गायकानं आलाप सुरू केला आणि थोड्या वेळानं तुमचं गुणगुणणं सुरू झालं. अगदी बारीक. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले आणि म्हणाले, "श्शू!"

तुम्ही गप्प झालात. मध्यंतरात उठलात आणि सरळ कट्ट्यावर गेलात. मागे मी. चाचींनी नुसती जागा करून दिली.

"आत निस्तं आयकायचं आसतंय," तुम्ही चाचींना सांगितलंत, जणू परगावची चालरीत सांगावी तसं.

तेव्हा मला खरं कारण कळलं. पण एक विचारू? त्या गृहस्थांना तुम्ही काहीच का बोलला नाहीत? मंडईत शिळी मेथी देणाऱ्याच्या सात पिढ्या काढणाऱ्या तुम्ही! तिथे का गप्प बसलात? त्या विटा तर तुमच्याच होत्या ना?

दुरुस्ती निघाली तेव्हा आसपासच्या रहिवाशांची बैठक झाली. मी गेले. आर्किटेक्ट तुमच्या नातवाच्या, आपल्या अजयच्या वयाचा, फार नम्र मुलगा. मी म्हटलं, मागची जाळी तेवढी राहू द्या.

"मॅडम, जाळी ठेवली तर एसी लावून उपयोग काय? आणि आतला आवाज बाहेर वाया जातो."

"वाया नाही जात हो. आम्ही ऐकतो ना."

तो हसला. कुत्सित नाही, चांगलं हसला. "मग आता आत येऊन ऐका ना. ज्येष्ठांना सवलत आहे."

ऐकायची गोष्ट वेगळी आणि कट्ट्याची वेगळी, हे बैठकीत कसं सांगायचं? मी अर्ज दिला, दोनदा जाऊन भेटले. सगळ्यांनी चहा पाजला. जाळी बुजली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी माझ्या इटा काढून दे, मंग बांध तुझी भित."

परवा उद्घाटनाला गेले. खोटं कशाला बोलू? शेवटच्या रांगेतही तानपुरा इतका स्वच्छ ऐकू आला की माझे डोळे भरले. तो मुलगा चुकला नव्हता. हे तुम्हाला आवडणार नाही, पण ते खरं आहे.

तरी मध्यंतरात पाय मागेच वळले. भिंत गुळगुळीत, करड्या रंगाची. कान लावला, आत नुसती यंत्राची घरघर. कट्ट्यावर शकीला चाची एकट्या बसलेल्या. आता पार वाकल्या आहेत.

"आ गई? अंदर कैसा है?"

"बहोत अच्छा है, चाची."

"यहाँ तो कुछ बी नै आ रा. मेरे कान गए क्या?"

"कान नाही हो. दीवार बंद झाली."

"अल्ला का शुकर! मैं समझी कान गए!"

दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, "उसका वो बोल ना. मेथी तोड़ते तोड़ते बोलती थी, वो."

"मला आवाज नाही, चाची."

"आवाज कौन मंगा? गाना मंगी मैं."

मी गायले, आत्याबाई. पहिली ओळ फाटली, दुसरी जरा सावरली. मग ओवीत ती नावाची जागा आली. तुम्ही जिथे माझं नाव घातलं होतंत, तिथे माझ्या तोंडून तुमचं आलं. कौसा. सून म्हणून उभ्या जन्मात मी ते उच्चारलं नव्हतं! चाचींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढची ओवी त्यांनी उचलली. उत्तरार्ध सुरू झाल्याची घंटा बाहेर ऐकू आली नाही. आम्ही तिथेच होतो.

रागावला नाहीत ना, नाव घेतलं म्हणून?

आता माझा शब्द. दर शनिवारी संध्याकाळी मी मेथीची जुडी घेऊन कट्ट्यावर बसेन. चाचींना हात धरून आणेन. आतून काही येवो न येवो, आपलं गाणं होईल, आणि मी नुसते ओठ हलवणार नाही. कुणी वळून "श्शू" म्हटलं, तर त्या दिवशी तुम्ही जे बोलला नाहीत, ते मी बोलेन. तुमच्याच भाषेत.

तुमची,
मडम