हॅलो जळगाव, धुळे बोलतेय

आई,

तुला जाऊन आता पंधरा वर्षं होतील, आणि त्या एका आठवड्याबद्दल मी अजून कुणाशीच धड बोललेले नाही. मी तेव्हा कॅनडात शिकत होते. दीड वर्ष झालं होतं, एक वर्ष बाकी होतं. बर्फाखालून पाणी कसं वाहतं आणि जमिनीत किती मुरतं, हा माझा अभ्यास. धुळ्यात कुणाला सांगितलं की लोक हसायचे. त्या डिसेंबरात तू फोनवर म्हणालीस, "जानेवारीत आठवडाभर येऊन जा." तू कधी काही मागणारी नव्हतीस. मी दहावीत असताना बाबा गेले, तेव्हापासून घरात आपण दोघीच, आणि इतक्या वर्षांत तू माझ्यापुढे कसलाच हट्ट धरला नव्हतास. मी विचारलं, "का गं, काही विशेष?" तू म्हणालीस, "विशेष काय असायचंय! निघताना तुझी गडबड झाली, कुणाचा निरोप घेतला नाहीस. लोक मला बोलतात. एकदा सगळ्यांना भेटून घे." तिकडे माझ्या सरांनी आठवड्याची रजा दिली आणि मी आले.

त्या आठवड्यातलं मला सगळं झोपेतून पाहिल्यासारखंच दिसतं. तिकडची रात्र ती इथली दुपार, त्यामुळे मी दिवसभर पेंगत असे. बसमध्ये बसलं की दहा मिनिटांत तुझ्या खांद्यावर मान पडायची. डोळे उघडले की खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस, पुन्हा उघडले की नुसता मुरमाड माळ, पुन्हा उघडले की कुठलं तरी गाव आणि पांढऱ्या टोप्यांची गर्दी. कापूस पाहिला की मला वाटायचं मी तिकडेच आहे आणि बर्फ पडलंय. मग बस गचका खायची आणि तुझ्या साडीचा वास यायचा. तू खिडकीतून बाहेर बघत असायचीस. एरवी तू प्रवासात कधी बाहेर बघायची नाहीस. पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसायचीस, कंडक्टर चुकतोय का यावर लक्ष ठेवून. त्या आठवड्यात मात्र तू बघतच राहायचीस, आणि मी जागी झाल्याचं तुला कळतसुद्धा नसे.

पहिल्यांदा आपण सोनगीरला गेलो, तुझ्या थोरल्या बहिणीकडे. दारातच मावशीने माझे दंड चाचपले. "उनी का वं माय? बठ्ठी सुकी गयी. तठे खावाले भेटस का नही?" एवढं बोलली आणि नंतर दिवसभर तिने माझ्याकडे नजर वर करून पाहिलं नाही. पुरणपोळी भाजायचं मातीचं खापर चुलीवर चढलं. पुरण भरलेली पोळी ती दोन्ही हातांवर अशी फिरवत होती की ती कोपरापर्यंत पातळ होत गेली, आणि अलगद खापरावर पडली. तू मला म्हणालीस, "बस तिच्याजवळ, शीक." मी करायला गेले आणि पोळी मधोमध फाटून माझ्या मनगटाला चिकटली. तू इतकी हसलीस की तुला भिंतीला टेकावं लागलं. मी चिडून म्हटलं, "मला कुठे तिकडे खापर मिळणार आहे?" तू म्हणालीस, "मिळणार नाही. पण हाताला ठाऊक असू दे." निघताना तू पिशवीतून आजीची पितळी पळी काढून मावशीच्या हातात दिलीस. मावशीने ती पदराखाली धरली आणि आपल्याला निरोप द्यायला उंबऱ्याबाहेर आली नाही. मला वाटलं, तिचं काही बिनसलंय.

दोन दिवसांनी शिंदखेडा. मामा तेव्हा आजोबा झालेला, आणि तू त्याच्या सुनांसमोर त्याचा कान धरलास, कारण लहानपणी त्याने तुझी पाटी विहिरीत टाकली होती आणि कबूल केलं नव्हतं. "आता तरी सांग, टाकली होतीस ना?" मामा ओरडला, "टाकली होती, बाई, टाकली होती! सोड!" सगळं घर हसलं. तू कान सोडलास आणि त्याच हाताने त्याच्या पांढऱ्या केसांवरून हळूच हात फिरवलास. मामीला तू तुझी जांभळी इरकल दिलीस. परतीच्या बसमध्ये माझा पारा चढला होता. मी म्हटलं, "किती घरं अजून? मी आठवडाभर आलेय, त्यात रोज बस. आणि तू जिथे जातेस तिथे काहीतरी देतच सुटलीयेस. लोक माहेराहून पिशवी भरून आणतात, आपली रिकामी होत चाललीय." तू म्हणालीस, "कपाट आवरायला काढलंय." मग जरा वेळाने, "जळगाव तेवढं राहिलं. तिथे मात्र माझ्यासाठी चल."

जळगावला कोण, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. तू धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होतीस तेव्हा जळगावच्या बोर्डावर एक बाई होती. परगावचे ट्रंक कॉल जोडताना रोज तुमची गाठ पडायची. "हॅलो जळगाव, धुळे बोलतेय." "बोल धुळे." एकोणीस वर्षं तुम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारली. तिचं बाळंतपण, बाबांचं जाणं, माझी दहावी, सगळं दोन कॉलच्या मधल्या फटीत बोलून झालं. मग लोक घरूनच नंबर फिरवायला लागले, बोर्ड बंद झाले, तुला बिलं घ्यायच्या खिडकीवर बसवलं, आणि तुमचं बोलणं थांबलं. इतक्या वर्षांत तुम्ही एकमेकींना एकदाही पाहिलं नव्हतं. जुन्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी तू तिचा पत्ता मिळवला होतास.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी झोपेतच होते. जळगावात एका अरुंद जिन्याने आपण वर गेलो. दार उघडलं, एक ठेंगणी, चष्मेवाली बाई. तुम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलात. ती म्हणाली, "हॅलो," आणि स्वतःच लाजली. पण नंतरचा तास मला आठवतो तो फार अवघडलेला. तिने चहा विचारला, पाणी विचारलं, पुन्हा चहा विचारला. तू तिच्या पडद्यांचं कौतुक केलंस. जेवण झालं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तरी तुम्ही मुलगी बघायला आल्यासारख्या समोरासमोर बसलेल्या. मला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले.

मग तिचा आवाज आला. "धुळे, तू अशी समोर बसलीस की मला काही सुचतच नाही गं. तिकडे तोंड कर बरं."

खुर्च्या सरकल्या. तुम्ही पाठीला पाठ लावून बसलात. तू खिडकीकडे, ती स्वयंपाकघराकडे. मग तू म्हणालीस, "हॅलो जळगाव." आणि तो तुझा घरचा आवाज नव्हता, आई. तो गोल, स्वच्छ, थोडा नाकातला आवाज मी लहानपणी बोर्डाखाली बसून ऐकला होता. "बोल धुळे," ती म्हणाली, आणि तुम्ही दोघी मुलींसारख्या खिदळलात. मग बांध फुटल्यागत बोलणं सुरू झालं. अहमदाबाद मागणारा तो कापसाचा व्यापारी, रोज बायकोला फोन लावून एक शब्द न बोलणारा तो मास्तर, पावसात तारा तुटल्या की तुम्ही दोघींनी भुसावळवरून फिरवून जोडलेले कॉल. खिडकीतून ऊन माझ्या पायांवर आलं होतं. मला वाटत होतं, मी पाण्याच्या तळाशी आहे आणि वर दोन बायका बोलताहेत.

मग ती मधेच थांबली. "धुळे, तुझा आवाज फार लांबून येतोय गं."

"लाइन खराब असेल," तू म्हणालीस.

"एकोणीस वर्षं तुझी लाइन ऐकली मी. लाइनचं मला सांगू नको."

मग तू सांगितलंस. पोटातली गाठ, नाशिकचे डॉक्टर, आता कापूनही उपयोग नाही. "किती दिवस?" "पावसाळा बघेन असं वाटत नाही." "पोरीला?" "तिचं एक वर्ष राहिलंय. सांगितलं तर ती जाणार नाही." "आणि नाही सांगितलं तर?" "तर ती जाईल." तुझा आवाज तेव्हा हलला. ट्रंक कॉलवर कुणी रडायला लागलं की तू त्यांना सांगायचीस, आधी निरोप सांगा, रडू नका, मागे लोक रांगेत आहेत. ती जळगावची बाई म्हणाली, "धुळे, आता मागे कुणी रांगेत नाही. घे रडून."

मी जागी होते, आई. पहिल्या "हॅलो"पासून जागी होते.

तू मग उठून आलीस आणि माझ्या अंगावर चादर घातलीस. मी झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत राहिले. सातएक वर्षांची असताना मी एकदा तुझ्या बोर्डावरचा हेडफोन कानाला लावला होता, कुणाचं तरी भांडण चाललं होतं आणि मी मजेत ऐकत होते. तू माझ्या हातावर चापट मारलीस. "दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. कानावर पडलं तरी पडलं नाही असं राहायचं." त्या दुपारी खाटेवर मी तेच मनात म्हणत राहिले, जणू तू मला परवानगीच देऊन ठेवली होतीस. पण ते खरं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी उठून विचारलं असतं तर मला थांबावं लागलं असतं. आणि मला जायचं होतं. चोवीस वर्षांच्या मला ते वर्ष, ते काम, ती बर्फाखालची नदी, सगळं हवं होतं. तू मला जाऊ देत होतीस आणि मी ते घेत होते.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. तू खिडकीशी आलीस. "काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाही." तू पुन्हा विचारलंस, "बघ, काही राहिलं असेल तर." मी पिशवीत उगीच हात घालून बघितल्यासारखं केलं. "नाही गं, सगळं घेतलं." गाडी हलली तेव्हा तू हात हलवला नाहीस. फलाटाच्या कठड्याला धरून उभी राहिलीस, आणि मी वळून वळून बघत राहिले, गाडी रस्त्याला लागेपर्यंत.

तिथून पुढचे तीन महिने मी तुला रोज फोन केला. आधी आपण रविवारी बोलायचो. तू विचारायचीस, "रोज कशाला?" मी म्हणायचे, "मला करमत नाही." तू आज काय केलंस, भाजी कुठली आणली, मी आज बर्फात किती चालले. तुझा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता आणि तू तो वर उचलून धरत होतीस, तो ऑफिसातला गोल आवाज. माझ्या नुसत्या हॅलोवरून तुला कळलं असेल का? तू लोकांच्या हॅलोवरून बातमी चांगली की वाईट ते ओळखायचीस. मला अजून ठरवता येत नाही की आपण दोघी एकमेकींना फसवत होतो, की दोघींना सगळं माहीत असून एकमेकींना सांभाळत होतो.

एप्रिलात मावशीचा फोन आला. मी दहाव्याला पोचले. मावशी अंगणातच माझ्या पायाशी बसली, म्हणाली, "मनी चूक झायी वं माय. तुना मायनी शप्पथ घाली व्हती, पण मी तुले सांगाले पाहिजे व्हतं." मी तिला उठवलं. सगळे म्हणत होते, पोरीला बिचारीला कळूच दिलं नाही. मामा म्हणाला, सगळ्या शेजारणी म्हणाल्या. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पुढे अभ्यास पुरा केला, परत आले, आता जळगावातच काम करते, गावोगाव विहिरींचं पाणी मोजत फिरते. तुझी ती मैत्रीण तू गेलीस त्याच वर्षी मुलाकडे सुरतेला गेली, असं तिच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. तिच्याशी बोलायचं राहून गेलं.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. दर भेटीत, माझा हात धरून, तिचं तेच. "मनी चूक झायी." मागच्या रविवारी मी ठरवून सोनगीरला गेले, तिला सांगायचंच म्हणून, की मावशी, तुझी काही चूक नाही, मला माहीत होतं. तिला आता मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट अशी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कशी बोलायची, असं मी मनाला सांगितलं आणि तशीच परत आले. म्हणून आज तुला लिहायला बसले. हे वहीतच राहील. पण तुझ्याशी तरी खरं बोलते: कारण गल्लीचं नव्हतं. ती "माय" म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवते ना, तो अगदी तुझ्यासारखा आहे, आणि मी खरं सांगितलं तर ती तो हात काढून घेईल, अशी मला भीती वाटते.